हरकतीचा हक्क

(वरळी कोळीवाड्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



सागरी मार्गाच्या पुलाखालून होड्या सुखरूप निघाव्यात म्हणून येथील कोळी बांधव चिकाटीने भांडले, आणि दोन खांबांतील अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करणे सरकारला २०२२ साली मान्य करावे लागले. हरकतीचे मोल तुम्हांला निराळे सांगावयास नको. पेटंटचा कायदा हा वकिलांचा विषय वाटतो. परंतु त्यातही सामान्य माणसाच्या हाती आहे तो हाच हक्क.

पेटंट म्हणजे सरकारने वीस वर्षांसाठी बहाल केलेली मक्तेदारी. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे झालेल्या १९७० च्या कायद्याने औषधावरील पेटंट रद्द केले. ते राहिले केवळ औषध बनविण्याच्या पद्धतीवर. देशी कारखान्यांनी निराळ्या पद्धती शोधल्या आणि औषधे स्वस्त झाली. जागतिक व्यापार करारापायी २००५ साली औषधावरील पेटंट परत आले. तथापि डाव्या पक्षांच्या दडपणामुळे कायद्यात दोन कुंपणे राहिली. जुन्याच द्रव्याचे नवे रूप अधिक गुणकारी नसेल तर तो शोध नव्हे, हे पहिले; आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणाही व्यक्तीस हरकत घेता येते, हे दुसरे.

या कुंपणांनी काय साधले? बेडाक्विलिन हे हट्टी क्षयावरील औषध. जॉन्सन अँड जॉन्सनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्याच द्रव्याच्या क्षारावर नवे पेटंट मागून कंपनी २०२७ पर्यंत मक्तेदारी लांबवू पाहत होती. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ साली हरकत घेतली. क्षयावरील जुन्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

याच कार्यालयाने मार्च २०१२ मध्ये बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीस सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. त्या निकालात बायरने स्वतः भरलेली पेटंटच्या वापराची विवरणपत्रे उपयोगी पडली.

आता मार्च २०२४ चे नियम पाहा. हरकतीवर शुल्क बसले. हरकत दाखल होण्याजोगी आहे की नाही, हे अधिकारी आधी ठरविणार. आणि दरवर्षीचे विवरणपत्र तीन वर्षांतून एकदाच. कलम शाबूत आहे, पण त्याच्या दाराशी पहारेकरी उभा केला आहे.

संशोधनाला मोबदला हवा, हे कंपन्यांचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. वीस वर्षांची मुदत त्यासाठीच आहे. ती संपल्यावर जुनाच माल नवा म्हणून खपविणे, हा मोबदला नव्हे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी: रुग्ण व त्यांच्या संघटनांच्या हरकतीवर शुल्क नको, आणि विवरणपत्र दरवर्षी हवे. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांपर्यंत ही गोष्ट नेणे, हे आपले काम आहे. औषधाची किंमत दुकानात पोहोचण्यापूर्वीच ठरते. तेथेच आपली हरकत नोंदली गेली पाहिजे.