पासवर्ड कुणाचा, आणि कुणाकडे?



पासवर्ड हा विषय ऐकला की निम्म्या लोकांचा हात खिशातल्या फोनकडे जातो आणि उरलेल्यांना जांभई येते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लॉगिनची पानं बनवणं हा माझ्या कामाचा एक भाग. त्यामुळे तुमचा पासवर्ड काचेच्या पलीकडून कसा दिसतो, ते आधी सांगतो.

धड बनवलेली साइट तुमचा पासवर्ड साठवतच नाही. ती तो दळते. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. तसंच हे गणित एकाच दिशेनं चालतं. या पिठाला आम्ही हॅश म्हणतो. तुम्ही लॉगिन करता तेव्हा साइट तुमचा गहू पुन्हा दळते आणि साठवलेल्या पिठाशी ताडून बघते. चोराच्या हाती पीठ लागलं तर त्याला गहू परत मिळवता येत नाही, पण तो स्वतःकडचे नाना प्रकारचे गहू दळून बघू शकतो. कुठलं पीठ जुळलं की गहू सापडला! जुन्या, घाईत बांधलेल्या साइटची चक्की इतकी वेगवान असते की चांगल्या ग्राफिक्स कार्डाची काही मशिन्स सेकंदाला १०० अब्ज वेळा दळून बघू शकतात. नव्या पद्धतीत मुद्दाम संथ चक्की वापरतात आणि प्रत्येकाच्या गव्हात वेगळं मीठ घालतात (खरंच 'सॉल्ट' म्हणतात त्याला). तुमची साइट यातली कुठली, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

आता प्रश्न असा की चोर दळायला कुठले गहू घेतो? इथं आपल्या मुलांचे पासवर्ड मी न बघता ओळखू शकतो. आधी स्वतःचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल. मग @. मग ७८६. हसू नका, मागच्या रांगेतले दोघं जास्तच हसतायत. ७८६ आकड्याची नोट पाकिटात जपणारे, गाडीला तो नंबर मिळावा म्हणून जादा पैसे मोजणारे आपण, पासवर्डात तो येणारच. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवू, गणित बघू. २०,००० नावं घ्या. कॅपिटल किंवा साधं, हे २ प्रकार. मधलं चिन्ह ५ प्रकारचं. शेवटचे तीन आकडे ००० ते ९९९, म्हणजे १,०००. गुणाकार होतो २० कोटी. त्या वेगवान चक्कीला याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. शिवाय ७८६७८६ हा तर फुटलेल्या पासवर्डांच्या याद्यांत केव्हाचाच आहे, तो मोजावाही लागत नाही.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा विद्वान होऊन गेला. सांकेतिक लिपी कशी फोडायची यावर त्यानं एक रिसाला लिहिला. कुठल्याही भाषेत सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात येत नाहीत, काही वारंवार येतात, काही क्वचित. म्हणून गुप्त मजकुरातली चिन्हं मोजली की मूळ अक्षरं उघडी पडतात. पासवर्ड फोडणारा आज हेच करतो, फक्त अक्षरांऐवजी माणसांच्या सवयी मोजतो. २००९ साली 'रॉकयू' नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. त्यांनी दळलेच नव्हते, गहू तसाच पोत्यात भरून ठेवला होता. त्यात सुमारे २ लाख ९० हजार लोकांचा पासवर्ड होता १२३४५६. माणसं पासवर्ड कसे निवडतात हे सगळ्या जगाला तेव्हा उघड दिसलं, आणि ती यादी आजही चोरांच्या आणि आमच्याही कामाची आहे.

आवडत्या गझलेचा मिसरा, दुआची सुरुवात, सिनेमातला संवाद, हे लांब असतं म्हणून सुरक्षित वाटतं. पण विकिपीडियातली आणि बायबलमधली वाक्यंसुद्धा पासवर्ड फोडण्यासाठी कधीच वापरून झालीत. छापून आलेलं काहीही निवडू नका. खरं तर आपण निवडूच नये, फाशांना निवडू द्यावं.

ही युक्ती १९९५ साली अरनॉल्ड राइनहोल्ड या अमेरिकन माणसानं मांडली, नाव डाइसवेअर. ७,७७६ शब्दांची यादी असते. साधा लुडोचा फासा पाच वेळा टाकायचा, जे पाच आकडे येतील त्यासमोरचा शब्द घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशननं २०१६ साली अशी यादी केली आहे, नेटवर फुकट आहे. चार शब्द घेतले तर त्या वेगवान चक्कीला सगळ्या शक्यता संपवायला दहा तास लागतात. दहाच तास! सहा शब्द घेतले तर शक्यता होतात २२ वर २२ शून्यं, आणि त्याच चक्कीला सुमारे ७०,००० वर्षं लागतात. दोन शब्दांनी एवढा फरक पडतो. यादी इंग्रजी आहे, पण हेच तुम्ही मराठी किंवा उर्दू शब्दांनी करू शकता, अट एकच की शब्द फाशानं निवडला पाहिजे, मनानं नाही. आणि रोमन लिपीत लिहिताना 'वांगी' शब्दाला एक ए की दोन, हे पहिल्या दिवशीच कागदावर नोंदवा, नाहीतर महिन्याभरानं स्वतःच्याच खात्याबाहेर उभे राहाल.

असे सहा शब्द तीस खात्यांसाठी कुणी लक्षात ठेवणार नाही. ठेवूही नयेत. ते फक्त पासवर्ड मॅनेजरसाठी. हे एक कुलूपबंद ॲप असतं. प्रत्येक खात्यासाठी वेगळा, अर्थहीन, लांबलचक पासवर्ड ते स्वतः बनवतं आणि लक्षात ठेवतं. बिटवॉर्डनची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. नेटवर काहीच ठेवायचं नसेल तर कीपासएक्ससी. फोनमधला गूगल किंवा ॲपलचा मॅनेजरही काही न वापरण्यापेक्षा कितीतरी बरा. 'तीच कंपनी फुटली तर?' हे कुणीतरी विचारणारच. २०२२ साली लास्टपासमधून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता ते अडचणीत आले. म्हणून तर चारऐवजी सहा शब्द सांगतोय.

हा सगळा खटाटोप कशासाठी? कारण खरा घात एकच पासवर्ड सगळीकडे लावल्यानं होतो. एका साइटवरून फुटलेला ईमेल आणि पासवर्ड चोर लगेच शंभर ठिकाणी लावून बघतात, माणूस नाही, प्रोग्रॅम बघतो. ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या कामाला दुसरीकडचाच पासवर्ड वापरला होता. २०१२ च्या त्या चोरीत जवळपास ६ कोटी ८० लाख ग्राहकांची माहिती गेल्याचं २०१६ साली उघड झालं. तुमचा ईमेल अशा चोरीत सापडला आहे का हे 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट बघता येतं. लाल पट्टी आली तर घाबरू नका, तो पासवर्ड जिथं जिथं लावलाय तिथं तिथं बदला. दर तीन महिन्यांनी उगाच बदलायची मात्र गरज नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं २०१७ साली तो सल्ला स्पष्टपणे मागे घेतला. सक्तीनं बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ करतो, एवढंच होतं.

इथपर्यंत तंत्र झालं. आता ज्यासाठी मी आलो ते बोलतो.

आपल्या वस्तीतल्या मुलाचं पहिलं ईमेल खातं कोण उघडतं? बहुतेक वेळा सेवा केंद्रातला किंवा सायबर कॅफेतला भाई. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, सीईटी. तो अर्ज भरतो, पासवर्ड तोच ठरवतो आणि वहीत लिहून ठेवतो. बहुतेक जण हे चांगल्या मनानं करतात, कारण पुढच्या वर्षी नूतनीकरणाला मुलगी येते तेव्हा तिला काहीच आठवत नसतं. पण ती वही काउंटरवर असते. त्यात तिचं नाव, आधार, बँक खातं जोडलेल्या अर्जाचा लॉगिन असतो, आणि शंभर मुलांचा पासवर्ड एकाच साच्यातला असतो. त्या भाईशी भांडू नका. अर्ज भरून घ्या, पावती घ्या, घरी येऊन त्याच दिवशी दोन्ही पासवर्ड बदला, आधी ईमेलचा. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की सगळ्या खात्यांची किल्ली ईमेलवर येते, म्हणून ईमेल पहिला. खात्याला मोबाइल नंबर तुमचा आहे की त्याचा, हेही बघा.

नंबरावरून कोकणातल्या मंडळींसाठी एक गोष्ट. अब्बा दम्मामला, इथलं सिम ड्रॉवरमध्ये, रिचार्ज संपलेलं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला देत नाहीत. ९० दिवसांनंतर तो कुणालाही मिळू शकतो, आणि अब्बांच्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जाईल. सुट्टीवर येतील तेव्हा बँकेतला आणि ईमेलमधला नंबर बदलून घ्या. ईमेलला टू-स्टेप चालू करा. गूगल तेव्हा आठ आकडी १० बॅकअप कोड देतं. ते कागदावर लिहून निकाहनामा, सातबारा असतात त्या पेटीत ठेवा. कागद वाईट नसतो. रशियातला चोर तुमच्या घरातली पेटी उघडायला येत नाही.

आणि घरातल्या घरात? बहिणीचा पासवर्ड भाईजानकडे, बायकोचा नवऱ्याकडे. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'लपवण्यासारखं काय आहे?' मी मुलांना विचारतो, मग तुझा तिच्याकडे आहे का? तिथं शांतता होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो खटला सरकारविरुद्ध होता, घराच्या उंबऱ्याआत न्यायालय येत नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्या चळवळीत आपण बाईच्या संमतीबद्दल बोलतो, तलाकबद्दल बोलतो, आणि तिचं जीमेल भावाच्या फोनवर उघडं असतं. एखादीला नोकरीचं पत्र येतं, कॉलेजचं उत्तर येतं, वकिलाचा मेल येतो, आणि ते दुसराच आधी वाचतो. काही वेळा वाचून पुसतो.

अडीअडचणीला काय करायचं, हा प्रश्न खरा आहे, त्याला उत्तरही आहे. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे: मी इतके महिने आलो नाही तर अमुक माणसाला माझं अमुक द्या, असं आधी लिहून ठेवता येतं. ॲपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट आहे. म्हातारे अब्बा स्वतःहून म्हणाले, 'बेटा, तू बघ', तर बघा. तिथं त्यांची मर्जी आहे.

आत्ताच हे करून बघूया. फोन काढा, जीमेलच्या 'मॅनेज युवर गूगल अकाउंट'मध्ये जा, 'सिक्युरिटी' उघडा आणि खाली 'युवर डिव्हायसेस' बघा. तिथं तुमचा नसलेला एखादा फोन किंवा कॅफेतला संगणक दिसला तर तिथून साइन आउट करा. पासवर्ड बदलायला घाई करू नका, आधी सहा शब्द काढू. फासे मी डझनभर आणलेत, त्या टेबलावर आहेत. ज्यांना कुणासमोर काही करायचं नसेल त्यांनी एक फासा घरी न्यावा.