न आलेल्या रुग्णाची जबाबदारी



डॉक्टरांचे मोल आपण पाटीवरच्या पदव्या आणि दवाखान्यातील गर्दी पाहून ठरवतो. परंतु देशोदेशीच्या फॅमिली डॉक्टरांचे काम पाहिले, की वेगळाच प्रश्न पुढे येतो. जो दवाखान्यात आलाच नाही, त्याची जबाबदारी कोणाची?

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तेथे नागरिक आपल्या भागातील डॉक्टरकडे नाव नोंदवतो. तपासणीची फी नसते. डॉक्टरला मोबदला मुख्यतः यादीतील नावांमागे मिळतो. पण यादी असणे वेगळे आणि ती उघडून पाहणे वेगळे. वेल्समधील ग्लिनकोरूग या खाणकामगारांच्या गावी डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी तक्रार नसलेल्यांचाही रक्तदाब मोजला. १९७१ साली त्यांनी सिद्धांत मांडला की, जेथे गरज जास्त, तेथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते. सेवा बाजारावर सोपवली की हे अधिकच घडते.

क्युबात १९८४ पासून डॉक्टर व परिचारिका यांना वस्तीतच नेमण्यात आले. निरोगी, धोका असलेले, आजारी आणि आजाराने व्यंग राहिलेले अशा चार गटांत रहिवाशांची नोंद होते. निरोगी माणसाच्या घरीही डॉक्टर जातात. अलीकडे तेथे औषधांची टंचाई आहे, हेही खरे.

आपल्याकडे सपाट भागात ३०,००० व डोंगराळ, आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. शहरातील वस्तीत मात्र माणूस आज या, उद्या त्या डॉक्टरकडे जातो. जुने कागद हरवतात. मधुमेह आणि रक्तदाब या आजारांत तेच कागद औषधाइतके मोलाचे असतात.

आम्ही बँकेत वर्षानुवर्षे व्यवहार न झालेले खातेही पुसून टाकत नाही. मग माणसाची नोंद का पुसली जावी?

म्हणून सभासदांना विनंती की, घरातील प्रत्येकाची एक फाईल ठेवा. तिशीनंतर सरकारी केंद्रात रक्तदाब आणि साखर विनामूल्य तपासून घ्या. विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर होतील, त्यांनी वस्तीतील नावांची वही ठेवावी. आणि जो आला नाही, त्याचे दार ठोठवावे.