स्वस्त भाजी कुणाच्या कष्टावर?

(महिला मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘जवळपास पिकलेलं खा, ऋतूप्रमाणे खा’ हा सल्ला आपल्याला सगळीकडून मिळतो. तो खोटा नाही. थंडीत मेथी, मटार, गाजर भरपूर येतात, तेव्हा स्वस्तही असतात आणि चवीलाही चांगले लागतात. पण हे गणित बारा महिने जमत नाही. पावसात पालेभाजी शेतातच सडते आणि भाव चढतात. जुलै २०२३ मध्ये कितीतरी शहरांत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला होता. अशा वेळी हातावर पोट असलेली बाई डाळ-बटाट्यावर घर चालवते. तिला कुणी आहारशास्त्र शिकवायला जाऊ नये.

मी ठाण्याच्या बाजारात जाते. पाऊस सुरू झाला की पाड्यांवरच्या आदिवासी बाया टाकळा, कुरडू, शेवळं, पुढे करटोली घेऊन रस्त्याकडेला बसतात. रानात हिंडून वेचलेली ही भाजी. करटोलीचा भाव ऐकून आपण लगेच घासाघीस करतो. मॉलमध्ये चिठ्ठीवर छापलेला भाव मात्र मुकाट्याने देतो.

आता घरातला हिशेब पाहू. शेवळं खाजरी असतात. नीट निवडायची, काकडं किंवा चिंच घालून शिजवायची, नाहीतर घसा खवखवतो. फ्लॉवर मात्र दहा मिनिटांत चिरून होतो. म्हणजे स्वस्त जुडीची उरलेली किंमत बाईच्या वेळेतून वसूल होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. संध्याकाळी दमून परतणारी बाई फ्लॉवर उचलते, ते आळसापोटी नव्हे.

म्हणून मी माझ्यापुरते नियम केलेत. बाजारात ज्याची रेलचेल असेल ते आधी बघायचं. रानभाजी परवडेल तेवढीच घ्यायची, पण घासाघीस करायची नाही. आणि निवडायला घरातले सगळे बसणार असतील, तरच जुडी पिशवीत टाकायची.

पण हे काही एकेका घराच्या काटकसरीवर सुटणारं नाही. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा महागाई हा स्वयंपाकघराबाहेरचा प्रश्न झाला. आज आपल्या हाती २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. आपल्या पालिकेच्या समितीत त्या आहेत का? पावसाळ्यापुरत्या येणाऱ्या रानभाजीवाल्यांना बसायला जागा मिळते का? आपण सगळ्या मिळून पालिकेत जाऊ आणि हे विचारू.