बेसवर कोण आहे?

पाश्चात्त्य संगीतावर बोला, पण तरुण मंडळींना रुचेल असं काहीतरी घ्या, असं आकाशवाणी केंद्रातून मला सांगण्यात आलं. मी रॉकबिली घेतलंय, म्हणजे रॉक अँड रोलचा सुरुवातीचा, अमेरिकन खेडवळ ढंगाचा प्रकार. आणि रॉकबिलीतलाही एकच बँड घेतलाय, बायकांचा, थोडक्या वर्षांत आटोपलेला. लंडनचा 'शिलेली सिस्टर्स'.

शिलेली म्हणजे आयर्लंडमधला गाठाळ लाकडाचा दांडका. नाव आयरिश, संगीत अमेरिकन आणि मुक्काम लंडनला. गायला जॅकी ओ'सलिव्हन, सॅक्सोफोनवर ट्रिशा ओ'फ्लिन, ड्रमवर मिट्झी रायन आणि डबल बेसवर लिंडर हॅल्पिन. बहिणी नावापुरत्याच, आडनावं ऐकलीत ना? 1984 साली सीबीएस या बड्या कंपनीनं त्यांच्या दोन सिंगल तबकड्या काढल्या, 'गिव्ह मी माय फ्रीडम' आणि 'पॅशन फ्रूट'. दोन्ही फारशा चालल्या नाहीत. त्यांची कारकीर्द सांगायची तर एवढ्यात सांगून होते. पण मला बोलायचंय ते त्या चौथ्या नावाबद्दल, डबल बेसवरच्या बाईबद्दल. त्यासाठी आधी तीस वर्षं मागे जाऊ.

1954 चा जुलै महिना. अमेरिकेत मेम्फिस शहरात युनियन अव्हेन्यूवर सॅम फिलिप्स यांचा लहानसा स्टुडिओ होता. सन रेकॉर्ड्स ही कंपनी त्यांचीच. तिथे एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली गात होता. गिटारवर स्कॉटी मूर, डबल बेसवर बिल ब्लॅक. 'दॅट्स ऑल राइट' हे गाणं त्यांनी तिथे ध्वनिमुद्रित केलं. आता लक्ष द्या, या गाण्यात ड्रम नाहीत. पुन्हा सांगते, ड्रम नाहीत. तरी ते ऐकताना पाय हलायचा थांबत नाही. मग ठेका धरलाय कुणी?

बेसनं. डबल बेस म्हणजे माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून उंच वाद्य. वादक त्याच्या शेजारी उभा राहून, जवळजवळ मिठीत घेऊन ते वाजवतो. शास्त्रीय वाद्यवृंदात ते बहुतेक वेळा गजानं वाजतं, जॅझमध्ये बोटांनी छेडतात. रॉकबिलीवाल्यांचा मामला वेगळा. ते जाड तार बोटानं बाहेर खेचतात आणि सोडून देतात. ती मागच्या लाकडी पट्टीवर जाऊन आदळते. सूर तर येतोच, शिवाय एक कडक टणत्कार येतो. मग दोन सुरांच्या मधल्या रिकाम्या जागेत तळहाताची थाप थेट तारांवर. टण्, टक्, टण्, टक्. सूरही तोच देतो, तालही तोच. भजनाला पखवाजवाला आला नाही तर टाळकरीच ठेका उचलून धरतात, तसंच हे. मेम्फिसला ड्रमवाला नव्हताच, बिल ब्लॅकनं त्याचंही काम केलं. सॅम फिलिप्स यांनी दोन टेपरेकॉर्डर जोडून आवाजाला क्षणभर मागून येणारा घुमारा दिला, त्यामुळे ती थाप आणखीच टपोरी ऐकू आली. रॉकबिलीचा सगळा जीव त्या थापेत आहे. बाकी केस, कपडे, उभ्या कॉलरी, हे सगळं वरवरचं.

हे हाताचं काम आहे, श्रोतेहो. बोटांना फोड येतात, कातडं निघतं. पुष्कळ वादक बोटांना चिकटपट्टी गुंडाळून बसतात. बसतात म्हणजे उभेच राहतात, बसायची सोय नसते. आणि कार्यक्रम संपला की ते धूड जिन्यावरून खाली उतरवायचं असतं.

आता बायकांकडे येऊ. 1950 च्या दशकात रॉकबिलीत बायका नव्हत्या का? होत्या, आणि खणखणीत होत्या. ओक्लाहोमाची वांडा जॅक्सन एल्विसबरोबर दौऱ्यावर होती. हा प्रकार गाऊन बघ, असं तिला सांगणारा एल्विसच. तिचा आवाज असा खरखरीत की समोरच्याला दचकायला व्हावं. ग्रँड ओल ऑप्री हा तिकडचा मोठा रेडिओ कार्यक्रम. तिथे मंचावर जाण्याआधी तिला उघडे खांदे झाकायला लावले. ती जॅकेट चढवून गायली आणि पुन्हा तिथे पाऊल टाकायचं नाही असं ठरवून निघाली. तिचं 'फुजियामा मामा' अमेरिकेत पडलं, जपानात मात्र धो धो चाललं. दुसरी जॅनिस मार्टिन. पंधरा-सोळाव्या वर्षी आरसीए कंपनीनं तिची 'बाई एल्विस' म्हणून जाहिरात केली. तिनं गुपचूप लग्न केलं होतं. दिवस गेल्याचं कळल्यावर कंपनीनं तिला सोडून दिलं.

पण मला सांगा, या गाताना मागे वाजवत कोण होतं? सगळे पुरुष. वांडाच्या हातात गिटार असायची, हे खरं, पण बेस, ड्रम, पियानो पुरुषांकडे. म्हणजे बाईनं गायचं आणि दिसायचं, ठेका पुरुषांनी धरायचा. ही वाटणी इतकी रुळलेली होती की ती कुणाला खटकतही नसे.

मग हे संगीत जुनं झालं. अमेरिकेत विसरलं गेलं आणि इंग्लंडमध्ये टिकलं. इंग्रज माणूस जुन्या गोष्टीला फार चिकटून असतो. 1976 च्या मे महिन्यात हजारो रॉक अँड रोलप्रेमी, लांब कोट आणि तेलानं चापलेल्या केसांचे, लंडनमधून मोर्चा घेऊन बीबीसीच्या दारात गेले. मागणी एकच, आमचं संगीत रेडिओवर लावा. आणि बीबीसीनं पुढे त्यांच्यासाठी कार्यक्रम सुरू केला! रेडिओसाठी मोर्चा! तुम्ही इथे आवडीचं गाणं लागलं नाही तर एक पोस्टकार्डसुद्धा टाकत नाही. असो.

1980 मध्ये न्यूयॉर्कजवळचे तीन तरुण, स्ट्रे कॅट्स, नशीब काढायला लंडनला आले आणि त्यांचं 'रनअवे बॉइज' पहिल्या दहांत गेलं. त्यांचा बेसवाला ली रॉकर. त्याचे वडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये क्लॅरिनेट वाजवत. वडिलांकडे एवढी शिस्त, आणि मुलगा बेसवर थापा मारतोय. मला हे फार आवडतं. लंडनमध्ये तेव्हा पोलकॅट्स होते, मिटिऑर्स होते, क्लब भरलेले असत. शिलेली सिस्टर्स त्या गर्दीतून वर आल्या. फरक एवढाच की इथे थाप बाईच्या हाताची होती. मिठीत घ्यायच्या त्या वाद्याशेजारी बाई उभी होती. वांडा जॅक्सनच्या काळात जी वाटणी कुणाला खटकत नव्हती, ती या मुलींनी मोडली. गाजावाजा न करता, नुसतं वाजवून.

मग चाललं का नाही? 1984 चा इंग्लंडचा बाजार आठवा. व्हॅम, फ्रँकी गोज टू हॉलीवूड, सगळीकडे सिंथेसायझर आणि यंत्राचे ड्रम. लाकडी बेसचा आवाज त्यात जुनाट वाटला असणार. रॉकबिलीची लाटही ओसरत आली होती. मला वाटतं, बड्या कंपनीनं त्यांना घेतलं ते दोन वर्षं उशिरा.

आता माझी नेहमीची तक्रार. माझ्या विद्यार्थ्यांना ती पाठ आहे, तुम्हीही ऐकून घ्या. तुम्ही सगळं संगीत फोनच्या तेवढ्याशा स्पीकरवर ऐकता. त्यात खालचे सूर येतच नाहीत. बेस नाहीच. म्हणजे घराचा पाया काढून भिंती बघायच्या! मग तुम्हाला गाणारी तेवढी ऐकू येते आणि तुम्ही म्हणता, आवाज छान आहे. अहो, आवाज छान आहे, पण तो उभा कशावर आहे? दुसरी गोष्ट पालकांना. मुलीला गाणं शिकवता, नाच शिकवता, पेटीही शिकवता. तबला म्हटलं की तो भावाला. आपल्या मुंबईत आबान मिस्त्री तबलावादनात नाव कमावून गेल्या, तरी हे चालूच आहे.

मला हात दाखवून वेळ संपत आल्याचं सांगताहेत, तेव्हा पुढचं भराभर सांगते. बँड मोडला. 1988 मध्ये जॅकी ओ'सलिव्हन हिला बनानारामा या तिघींच्या गटात घेतलं, शिवॉन फेही हिच्या जागी. 'आय वाँट यू बॅक' गाजलं, जगभर दौरा झाला, 1991 मध्ये ती बाहेर पडली. बनानारामामध्ये तिघी गात, वाद्यं इतरांची आणि यंत्रांची. वाजवणाऱ्या मुलींच्या बँडमधून बाजारानं उचललं कुणाला, तर गाणारीला. आज शिलेली सिस्टर्सचं नाव कुठे वाचायला मिळालं, तर बहुधा जॅकीच्या माहितीत, एका ओळीत. लिंडर हॅल्पिनचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलं असेल.

म्हणून आकाशवाणीला एक विनंती करते. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात तुम्ही तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, हे आवर्जून सांगता. चित्रपटगीतं लावताना गायक, गीतकार, संगीतकार सांगून थांबता. जिथे माहिती असेल तिथे वादकांचीही नावं सांगत जा. आणि श्रोतेहो, तुम्ही आज रात्री कानाला चांगले हेडफोन लावून 'दॅट्स ऑल राइट' ऐका. पहिल्या खेपेला एल्विस ऐकूच नका, फक्त बेस ऐका.