छापील ठिपक्यांतील माहिती : पुरावा की केवळ पत्ता?

(छापील संकेतचिन्हे व सार्वजनिक सेवा या विषयावरील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

संगणकाचा प्रसार झाला की कागदाचे युग संपेल, असे भाकीत गेली अनेक दशके केले जात आहे. प्रत्यक्षात कागद टिकून राहिला आणि त्यावर संगणकाची स्वतःची लिपी उमटू लागली. भाजीवाल्याची गाडी, औषधाचे वेष्टन, आधारपत्र, जीएसटीचे बिल, शाळेचे पाठ्यपुस्तक अशा सर्व ठिकाणी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आज दिसतो. हे चौकोन वरकरणी सारखेच असले, तरी त्यांच्या अंतरंगात मोठा फरक आहे. काहींमध्ये प्रत्यक्ष माहिती आणि तिच्या खरेपणाचा पुरावा असतो. काहींमध्ये ती माहिती कोठे मिळेल, याचा केवळ पत्ता असतो. नागरिकाच्या हातातील कागद स्वतःच्या बळावर उभा राहणार की दूरच्या एखाद्या यंत्रणेवर विसंबून राहणार, हे या फरकावर ठरते. म्हणूनच विकासाच्या चर्चेत या विषयाला स्थान असणे आवश्यक आहे.

रेघांपासून चौकोनापर्यंत

अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ मध्ये बारकोडच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये त्यांना ते मिळाले. तारायंत्राच्या मोर्स लिपीतील टिंबे व रेघा खाली ओढून लांबविल्या तर जाड-बारीक पट्टे तयार होतात, ही वुडलँड यांची मूळ कल्पना होती. मात्र ओहायो राज्यातील ट्रॉय येथील दुकानात बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली ती २६ जून १९७४ रोजी. ती वस्तू म्हणजे च्युइंगगमचे पाकीट.

या दीर्घ विलंबामागे स्वस्त लेसर व सूक्ष्म संगणकांचा अभाव हे एक कारण होते. दुसरे कारण निव्वळ आर्थिक होते. दुकानांत वाचक यंत्रे नसताना उत्पादकाला कोड छापण्यात लाभ नव्हता आणि मालावर कोड नसताना दुकानदाराला यंत्र परवडत नव्हते. किराणा उद्योगाने १९७३ मध्ये एक सामाईक मानक स्वीकारले, तेव्हाच ही कोंडी फुटली.

दुकानातील बारकोडमध्ये वस्तूचा क्रमांक असतो, किंमत नसते. किंमत दुकानाच्या संगणकातून येते. म्हणजे हा कोड मुळातच पत्ता सांगणारा आहे. भारतातील जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेले क्रमांक ८९० ने सुरू होतात. त्यावरून वस्तू भारतातच बनली असा निष्कर्ष अनेकजण काढतात. तो चुकीचा आहे. क्रमांक कोणत्या देशातील संस्थेने दिला, एवढेच त्यातून कळते.

कागदावर क्रमांकाऐवजी प्रत्यक्ष माहितीच छापण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेत १९८५ च्या सुमारास ‘सॉफ्टस्ट्रिप’ नावाच्या छापील पट्ट्या आल्या. नियतकालिकाच्या पानावर छापलेली पट्टी यंत्राने वाचून त्यातील प्रोग्रॅम थेट संगणकात उतरविता येई. तथापि हे वाचक यंत्र वेगळे विकत घ्यावे लागे आणि काही वर्षांतच ते तंत्र मागे पडले. पाने आजही असतील, परंतु ती वाचणारे यंत्र बाजारात नाही.

चौकोनाची रचना

आज सर्वत्र दिसणारा क्यूआर कोड जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विकसित केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बारकोडमध्ये मावणारी माहिती अपुरी पडत होती, ही त्यामागील गरज होती. बारकोड एकाच दिशेने वाचला जातो. क्यूआर कोडमध्ये माहिती आडवी व उभी अशी दोन्ही दिशांनी मांडलेली असते. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकटींवरून कॅमेरा आडवी रेघ कोठूनही मध्यातून नेली, तरी काळ्या-पांढऱ्या भागांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच मिळते. त्यामुळे कागद तिरपा वा उलटा धरला तरी यंत्राला दिशा कळते.

लहानात लहान कोडमध्ये प्रत्येक बाजूला २१ घरे असतात, तर मोठ्यात मोठ्या कोडमध्ये १७७. मोठ्या कोडमध्ये जास्तीत जास्त ७,०८९ अंक किंवा २,९५३ बाइट माहिती मावते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे सर्वांत मोठ्या कोडमध्येही मराठीची सुमारे हजारच चिन्हे बसतील. भारतीय भाषांतील कागदपत्रांची आखणी करताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

कागद मळतो, फाटतो, घडीवर झिजतो. यावर उपाय म्हणून कोडमध्ये मूळ माहितीबरोबर गणिताने काढलेली जादा माहिती पेरलेली असते. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. तिच्या चार पातळ्या असून सर्वोच्च पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. मात्र या सुरक्षिततेची किंमत मोजावी लागते. त्या पातळीवर क्षमता २,९५३ वरून १,२७३ बाइटवर येते.

स्वस्त कागद, विस्तृत बाजारपेठ

डेन्सो वेव्हने पेटंट असूनही मानकानुसार केलेल्या वापरासाठी आपला हक्क बजावला नाही आणि २००० मध्ये हे तंत्र आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याचा सर्वाधिक लाभ घेणाऱ्या देशांत भारताचा समावेश होतो. कार्ड स्वीकारणारे यंत्र लहान विक्रेत्याला परवडत नव्हते. छापील कागद परवडला. वाचक यंत्राचा खर्च ग्राहकाच्या मोबाइलने आधीच उचललेला होता. यूपीआय २०१६ मध्ये आणि भारत क्यूआर फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले. प्रत्येक कंपनीने आपलाच कोड चालविला तर दुकानदाराला अनेक कागद लावावे लागतात, हे ओळखून रिझर्व्ह बँकेने प्रा. दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑक्टोबर २०२० मध्ये बँकेने नवे खासगी कोड आणण्यास मनाई केली आणि जुन्यांना सर्वांशी जुळणाऱ्या कोडकडे वळण्यासाठी ३१ मार्च २०२२ पर्यंत मुदत दिली. १९७३ च्या किराणा उद्योगाचाच हा धडा होता.

दुकानात चिकटविलेला हा कोड मात्र पत्त्याच्याच प्रकारात मोडतो. पैसे कोणत्या खात्यात जावेत, एवढेच तो सांगतो. रात्रीतून कोणी त्यावर दुसरा कागद चिकटविला, तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. पैसे देण्यापूर्वी पडद्यावर आलेले नाव पाहणे, एवढाच उपाय ग्राहकाच्या हाती असतो. पैसे मिळविण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही गोष्टही प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे.

पुरावा सोबत बाळगणारा कागद

दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण आधारपत्राचे आहे. सुरुवातीच्या आधारपत्रांवरील कोडमध्ये नाव-पत्ता असे, पण तो कोणी तयार केला याची खूण नसे. बनावट नाव घालून तसाच कोड छापणे कठीण नव्हते. २०१८ पासून प्राधिकरणाने आणलेल्या सुरक्षित कोडमध्ये छायाचित्र आणि प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी एका गुप्त किल्लीने केली जाते आणि सर्वांना उपलब्ध असलेल्या दुसऱ्या किल्लीने पडताळली जाते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही. महत्त्वाचे म्हणजे, ॲप एकदा मोबाइलवर घेतले की या पडताळणीसाठी इंटरनेट लागत नाही.

जीएसटीच्या ई-बिलांवर १ ऑक्टोबर २०२० पासून असाच स्वाक्षरीयुक्त कोड आला. प्रारंभी ही सक्ती वार्षिक ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना होती. ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींवर आली. महामार्गावर मालवाहू गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला नेटवर्क नसतानाही बिल पारखता यावे, हा त्यामागील एक हेतू आहे. २०२१ मध्ये कोविड लसीकरणाच्या प्रमाणपत्रांवरही स्वाक्षरीयुक्त कोड देण्यात आला होता.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. स्वाक्षरी मजकूर अस्सल असल्याचे सांगते. तो आजही लागू आहे, हे सांगत नाही. छपाईनंतर पत्ता बदलला किंवा बिल रद्द झाले, तर कागदाला त्याची वार्ता नसते. शिवाय जो कोड नेटवर्कविना अधिकाऱ्याला वाचता येतो, तो लॉजच्या गल्ल्यावर दिलेल्या झेरॉक्सवरूनही वाचता येतो.

कोणता कोड कोठे?

औषधांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधी ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, निर्मितीची व मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक असा तपशील त्यात असावा लागतो. परंतु अस्सल वेष्टनावरचा कोड नकली वेष्टनावर जसाच्या तसा छापला, तर यंत्र तो बिनचूक वाचेल. नक्कल ओळखायची असेल, तर प्रत्येक पाकिटाला स्वतंत्र क्रमांक आणि मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहण्याची सोय हवी. येथे पत्ता सांगणारा कोडच अधिक उपयोगी ठरतो.

पाठ्यपुस्तकांत स्थिती वेगळी आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचा उपक्रम राज्यभर पोहोचला आणि त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. चित्रफीत अडीच-तीन हजार बाइटमध्ये मावत नाही, त्यामुळे तेथे पत्ता देणे अपरिहार्य आहे. तथापि पुस्तक वर्षानुवर्षे धाकट्या भावंडांकडे जाते. तोवर तो पत्ता जिवंत ठेवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला गेला नाही, तर पानावर निरुपयोगी चौकोन तेवढा उरतो.

यावरून धोरणासाठी काही सूत्रे निघतात. जन्माचा दाखला, गुणपत्रिका, जमिनीचा उतारा अशा नागरिकाने आयुष्यभर बाळगावयाच्या कागदांवर मूळ माहिती आणि स्वाक्षरी कोडमध्येच असावी. चालू स्थिती पाहण्यासाठी पत्ता जोडीला असावा. गरजेपेक्षा अधिक वैयक्तिक माहिती कोडमध्ये घालू नये. कोडची रचना खुल्या मानकानुसार असावी आणि पडताळणीची किल्ली जुनी झाली तरी जतन करून ठेवावी, अन्यथा सॉफ्टस्ट्रिपचीच पुनरावृत्ती होईल. पडताळणीचे ॲप विनामूल्य व भारतीय भाषांत असावे, म्हणजे कागद तपासण्याचा अधिकार कचेरीपुरता न राहता कागद ज्याचा आहे त्यालाही मिळेल.

अखेरची बाब साधी आहे. ठिपक्यांचा चौकोन माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही. म्हणून त्याच्या शेजारी तोच मजकूर ठळक अक्षरांत, नागरिकाच्या भाषेत छापलेला असलाच पाहिजे. मोबाइलची बॅटरी संपली असतानाही दाखल्यावर स्वतःचे नाव बरोबर लिहिले आहे की नाही, हे त्या कागदाच्या मालकाला तेथेच उभ्या उभ्या पाहता आले पाहिजे.