स्किड स्टीअर लोडरची चेन केस

स्किड स्टीअर लोडरची चाके डावी-उजवी वळत नाहीत. एका बाजूची चाके थांबवून किंवा उलटी फिरवून हा लोडर घसरतच वळतो. 1957 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई या केलर बंधूंनी टर्कीच्या शेडमधली घाण उपसण्यासाठी त्याचा पूर्वज बनवला. तो तीन चाकांचा होता. आजच्या बहुतेक चारचाकी लोडरमध्ये दर बाजूला एक हायड्रोलिक मोटर असते आणि ती दोन चेन ओढते, एक पुढच्या अ‍ॅक्सलची, एक मागच्याची. या चेन ज्या बंद लोखंडी पेटीत तेलावर चालतात, ती चेन केस.

जुना लोडर घेताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, बकेट पाहिली जाते. चेन केसचा प्लग मात्र क्वचितच उघडला जातो. वास्तविक तपासणीला सुरुवात तिथूनच व्हावी.

लोडर सपाट जागेवर, आर्म खाली टेकवून, इंजिन बंद करून पातळीचा प्लग काढावा. तेल भोकाच्या कडेला लागलेले हवे. कमी असेल तर बहुधा अ‍ॅक्सलचे ऑइल सील गळत असते. चाकामागे धूळ बसलेला चिकट ओघळ दिसतो. अ‍ॅक्सलला गुंडाळलेली तार किंवा सुतळी हे सील हमखास कापते. तेल भसाभस बाहेर आले तर ती खुशीची गोष्ट नाही. मोटरच्या शाफ्टचे सील गेले की हायड्रोलिक तेल केसमध्ये उतरते आणि तिकडे हायड्रोलिक टाकी रिकामी होऊ लागते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे. ते तसेच राहू दिले तर चेनच्या पिना आणि रोलर गंजतात.

तेल कोमट असताना काढावे; ड्रेन प्लग नसल्यास पंपाने ओढावे. तळाशी थोडी करडी पूड जुन्या लोडरमध्ये असायचीच. लोखंडाच्या कपच्या निघाल्या तर मात्र झाकण उघडणे भाग आहे. त्यासाठी केबिन किंवा आर्म उचलावे लागल्यास आधी त्यांचे आधार लॉक करावेत, निव्वळ हायड्रोलिकच्या भरवशावर आत हात घालू नये.

चेनची ढिलाई चाक उचलून, ते हाताने पुढे-मागे हलवून कळते. चारही चाकांचा प्ले ताडून पाहावा. काही मॉडेलमध्ये अ‍ॅक्सल सरकवून चेन ताणता येते, काहींत ती सोयच नसते. रोलर चेन 3 टक्के, म्हणजे मीटरमागे 3 सेंटिमीटर लांबली की बदलावी, हा सर्वसाधारण दंडक. स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकले असतील तर तेही बदलावेत, नाहीतर नवी चेन लवकर झिजते. चेन फार ताणली तर बेअरिंगवर भार येतो.

तेल उत्पादकाच्या पुस्तिकेत असेल तेच भरावे; काही लोडरना इंजिन ऑइल लागते, काहींना हायड्रोलिक. एका बाजूचे पुढचे-मागचे टायर सारख्याच व्यासाचे हवेत. ती दोन्ही चाके चेनने एकाच मोटरला बांधलेली असतात, त्यामुळे एकच टायर नवा टाकला तर फरकाचा ताण थेट चेनवर पडतो.