वाचा गेली, बोध उरला

जेमतेम दीड किलोच्या मेंदूत वाणीचे स्थान कोठे, याचा उलगडा १८६१ साली पॅरिसमध्ये झाला. लबोर्न्य नामक रुग्ण अनेक वर्षे 'तान' एवढेच उच्चारत असे. मात्र दुसऱ्यांचे बोलणे त्याला बहुतांशी समजे. त्याच्या मृत्यूनंतर डॉ. पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात, कपाळामागे, विकृती आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी आकलनाचे स्थान त्याहून मागे, डाव्या कानाच्या बाजूस दाखविले. तात्पर्य, उच्चार आणि आकलन ही एकच शक्ती नव्हे. म्हणून पक्षाघाताने वाचा गेलेल्या वडीलधाऱ्यांदेखत 'यांना आता काय कळते?' असे कदापि म्हणू नका. कदाचित ते सारे समजत असतील. त्यांच्याशी बोलत राहा. उत्तरासाठी थोडे थांबा.